डॉरिसचे कोरडे पाय

सोमवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी अल्डो बर्टोलाच्या काचपेटीतून बाहेर पडणारे पाणी थांबले.

ते थांबायला नको होते. पेटीत वरून पावणेचौदा लिटर पाणी गेले होते आणि तळाच्या नळीने बादलीत जेमतेम दीड लिटर परत दिले होते. दोन मिनिटांनी मातीवरचा पालापाचोळा हलला, उचलला गेला आणि संथपणे गोल फिरू लागला. पाठोपाठ एक लहान नेचा मुळासकट सुटला आणि उजव्या कोपऱ्यात काचेला जाऊन टेकला.

टली गावाच्या जुन्या हॉलमध्ये त्या वेळी आम्ही चौघे होतो. अल्डो, वय एकाहत्तर, अडतीस वर्षे गावाचा प्लंबर, आता निवृत्त. नोरीन हेग, वय अडुसष्ट, गावाबाहेर नेच्यांची रोपवाटिका चालवते. पर्ड्यूबाई, वय त्र्याऐंशी, साप-सरडे पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष. या दोघांना त्यांनी चौथीत शिकवले होते आणि अजून पुरते सोडलेले नव्हते. चौथा मी, गावच्या साप्ताहिकाचा. ज्याच्या हातात वही आहे त्याने बादलीही सांभाळावी, असे बाईंचे म्हणणे पडले होते.

"तळं छान झालंय रे, अल्डो," नोरीन म्हणाली. "बदकं कधी सोडतोयस?"

अल्डो गुडघ्यांवर बसून नळीला कान लावून ऐकत होता.

प्रश्न डॉरिसचा होता.

डॉरिस हा बॉइडचा वनसरडा, मादी. हातभर लांबी, मानेवर काट्यांची रांग, गालांवर मोठे पांढरे खवले, गळ्याखाली पिवळी झोळी. ही जात उभ्या बुंध्याला धरून दिवस काढते आणि तिला कुणी पाहिलेले खपत नाही. तुम्ही डावीकडून गेलात की ती बुंध्याभोवती हळूच उजवीकडे सरकते, उजवीकडून गेलात की डावीकडे. तिचा मालक क्लाइव्ह हेग म्हणायचा, "अकरा वर्षांत मी डॉरिस अख्खी अशी दोनदाच बघितली."

क्लाइव्ह जानेवारीत गेला. त्याआधी तो वर्षभर अंथरुणाला होता. त्या वर्षात डॉरिसच्या पेटीत रोज पाणी फवारले जात होते, पण ते बाहेर कुठून जाते हे कुणी पाहिले नाही. ते जातच नव्हते. माती कुजली, तिला आंबूस वास येऊ लागला, आणि भात लावणाऱ्या बाईच्या पायांना व्हाव्यात तशा डॉरिसच्या पायांना चिखल्या झाल्या. मागच्या डाव्या पायाचे एक बोट गेले. जनावरांच्या डॉक्टरने सांगितले ते सोपे होते: हवा ओली पाहिजे, माती ओलसर पाहिजे, पण मातीत पाणी उभे राहता कामा नये. सोपे सांगायला, ज्या गावात वर्षाला चार मीटर पाऊस पडतो तिथे करायला नाही.

क्लाइव्हने मागे एक चिठ्ठी ठेवली होती. तीत एकच ओळ होती. 'डॉरिसचे पाय जो कोरडे ठेवील त्याला ती द्यावी.'

तो म्हणजे मी, असे दोघांनी एकाच दिवशी मंडळाला कळवले.

नोरीन क्लाइव्हची धाकटी बहीण. भावाच्या मागे घर विकले गेले, बोट विकली गेली; उरली ती डॉरिस. अल्डो क्लाइव्हचा शेजारी. अकरा वर्षे रोज संध्याकाळी पाचला तो झुरळांचा डबा घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडे जायचा, डॉरिसला भरवायचा आणि क्लाइव्हबरोबर बिअर प्यायचा. अजूनही पाचला तो डबा घेऊन कुंपणापर्यंत जातो आणि परत येतो. हे त्याने कुणाला सांगितलेले नाही. टलीत सांगावे लागत नाही.

सरडे पाळण्याचा परवाना दोघांकडेही होता, त्यामुळे कागदावर दोघेही योग्य होते. बाईंनी परीक्षा ठेवली. चार दिवस, शुक्रवार ते सोमवार. दोघांनी सव्वा मीटरची एकेक पेटी लावून हॉलमध्ये आणायची. झाडे, माती, निचरा ज्याचा त्याचा. पेटीवर जाळीचे झाकण, झाकणावर बाईंच्या सहीची पट्टी. त्यानंतर मालकाचा हात आत जाता कामा नये. आणि रोज सकाळी नऊला हॉलच्या अंगणातल्या पर्जन्यमापकात जो आकडा असेल, त्याच्या दर दहा मिलिमीटरमागे पाऊण लिटर पाणी प्रत्येक पेटीत ओतायचे. चौथ्या दिवशी ज्याच्या मातीत पाणी उभे नसेल त्याची डॉरिस.

मापकाचा नियम बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. इथे त्याशिवाय दुसरा नियम कुणी मान्य केला नसता. टलीत सकाळी नऊला कुणाच्या घरी फोन करू नये, सगळे कुंपणाशी आपापल्या मापकात डोकावत असतात. सव्वानऊनंतर करावा, तेव्हा आकडा सांगायला माणूस आतुर असतो.

शुक्रवारी पेट्या आल्या तेव्हाच दोन पंथ उघड झाले.

नोरीनच्या पेटीला भोक नव्हते. तळाला वीतभराहून थोडा कमी एवढा भाजक्या मातीच्या गोळ्यांचा थर, त्यावर बारीक जाळी, त्यावर झाडाची साल, वाळू आणि कोळसा कालवलेली माती, आणि वर नेच्यांचे असे रान की पलीकडचे दिसू नये. पाणी मातीतून गोळ्यांत उतरेल, तिथे साठेल, मुळे ते हळूहळू वर ओढतील. "भोक पाडावं लागलं म्हणजे तुला पाणी घालता येत नाही," असे तिचे मत होते आणि ते तिने विचारल्याशिवाय दिले.

अल्डोच्या पेटीला भोक होते, एवढेच नव्हे तर त्या भोकासाठीच बाकीची पेटी बांधलेली होती. तळाला उतार. उतारावर दोन बोटे खडी, जाळी, माती. उताराच्या टोकाला चाळीस मिलिमीटरची नळी, ती हॉलच्या फळीतल्या जुन्या भोकातून मागच्या अंगणात, तिच्याखाली माझी बादली. मध्ये नळी वळवणारे दोन कोपर, एक तोटी, सगळे सांधे असे की काच फुटेल पण सांधा सुटणार नाही. झाडे म्हणाल तर पाच नेचे, अंतर मोजून लावलेले.

"आत आलेलं पाणी बाहेर गेलं पाहिजे," अल्डो म्हणाला. "या नळीतून न्हाणीघराचं पाणी जाईल."

"डॉरिस शॉवर घेणार आहे का?" नोरीनने विचारले.

"तुझ्याकडे पोहणार त्यापेक्षा बरं."

परीक्षा संपेपर्यंत डॉरिस बाईंच्या न्हाणीघरात होती, टॉवेलच्या दांडीवर. बाई शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होत्या. शनिवारपासून डॉरिसने खाणे सोडले. डॉक्टरने फोनवर सांगितले की आठवड्याच्या आत तिला झाड आणि माती मिळायला हवी, नाहीतर पायाचे सोडा, बाकीचेच अवघड होईल. हे बाईंनी दोघांना सांगितले. दोघांनीही एकमेकांकडे असे पाहिले की हे तुझ्यामुळे.

शुक्रवारचा आकडा ६२. शनिवारचा ११८. अल्डोच्या नळीने दोन्ही दिवशी जवळजवळ सगळे पाणी दहा मिनिटांत बादलीत आणून टाकले आणि तो ते हात मागे बांधून बघत उभा राहिला. रविवारी ९७, सव्वासात लिटर आत गेले, चारच बाहेर आले. "माती पीत असेल," अल्डो म्हणाला. मी तसे लिहून घेतले.

नोरीनकडे वेगळीच गोष्ट होती. पेटीच्या काचेतून तळाच्या गोळ्या दिसत आणि गोळ्यांत पाणी किती चढले तेही दिसे. रविवारपर्यंत तिच्या पेटीत वीस लिटरच्या वर पाणी गेले होते. पाण्याची रेघ थराच्या निम्म्याच्या वर हवी होती. ती तळापासून दोन बोटांवर होती.

"रोपं पितात," नोरीन म्हणाली.

"वीस लिटर?" अल्डो म्हणाला. "नेचे लावलेस का उंट?"

"तुझ्या पाचांना विचार. ते तहानेने मेलेत."

बाईंनी दोघांना दहा ते चार हॉलमध्ये बसायची परवानगी दिली होती, आपापल्या पेटीपाशी, हात न लावता. अल्डो वर्तमानपत्र घेऊन बसे. नोरीन विणकाम आणि चहाचा मोठा थर्मास घेऊन बसे. अल्डो जेवायला उठला की ती एकटी असे. हॉलच्या पुढच्या व्हरांड्यात नेच्यांच्या चार कुंड्या टांगलेल्या आहेत. ख्रिसमसपासून त्या वाळत आल्या होत्या. रविवारी त्यांना नवे कोंभ दिसले. व्हरांड्यावर छप्पर आहे, तिथे पाऊस येत नाही. हे मी पाहिले होते, पण त्याचा अर्थ त्या वेळी लावला नाही. बाईंनी लावला होता असे नंतर कळले.

सोमवारी मापकात १८४ होते. आकडा मोठ्याने वाचला गेला तेव्हा अल्डो शांत होता. मी वहीत हिशेब केला तेव्हा त्याचे कारण दिसले. नोरीनच्या गोळ्यांच्या थरात फार तर बत्तीस लिटर मावतात. पाणी खरेच रोपे पीत नसतील, तर आजच्या आकड्याने ते जाळीच्या वर, मातीत येणार. साधारण १५० पर्यंतचा आकडा तिला चालला असता. १८४ चालणार नव्हता.

पण पाणी वर आले ते अल्डोच्या पेटीत.

अल्डोने तोटी पाहिली, उघडी होती. ती बंद करून पहिला कोपर खोलला, स्वच्छ; तो बसवून तोटी पुन्हा उघडली. मग तो मागच्या दाराने अंगणात गेला, बाहेरचा कोपर सोडवला, आणि आत बोट घालून थांबला.

"काय आहे?" बाईंनी दारातून विचारले.

"मऊ आहे," अल्डो म्हणाला.

त्याने नळी हलकेच तिरकी केली. आतून एक मुठीएवढा हिरवा बेडूक बाहेर आला, अल्डोच्या तळहातावर बसला आणि झोपमोड झाल्यासारखा त्याच्याकडे बघू लागला. पाठोपाठ दहा-अकरा लिटर पाणी अल्डोच्या बुटांवर आले.

टलीत प्रत्येक नळीत कधी ना कधी बेडूक असतोच. छपराच्या पन्हळीत, संडासात, टपालपेटीत. अल्डोने अडतीस वर्षे लोकांच्या नळ्यांतून बेडूक काढले होते, आणि प्रत्येक वेळी जाताना तेच सांगितले होते. गावातल्या लहान मुलांनाही ते पाठ आहे.

"बाहेरच्या तोंडाला जाळी लावा," नोरीन त्याच्याच आवाजात म्हणाली. "ताई, किती वेळा सांगितलं, बाहेरच्या तोंडाला जाळी लावा."

"लावणार होतो," अल्डो म्हणाला. "जाळी गाडीत आहे."

"गाडीत लावलीस? बरं केलंस. गाडीत शिरला असता."

अल्डोने बेडूक जपून हिरवळीवर ठेवला. तेवढ्यात सव्वानऊ वाजले आणि हॉलचा फोन वाजला.

फोन साखर कारखान्यातून होता. बाईंनी ऐकून घेतले, "एकशे एकतीस," असे मोठ्याने म्हटले, आणि ठेवला. तो पुन्हा वाजला. शाळेत १२८. मग पोस्टातून, १३०. मग बाईंनी स्वतःच रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

"नोरीन, तुझ्याकडे?"

"निघताना एकशे तेहेतीस, बाई."

"आणि आपल्या अंगणात एकशे चौऱ्याऐंशी." बाई खुर्चीवर बसल्या. "ढगाचं आपल्या अंगणावर फार प्रेम दिसतंय."

बाई फक्त अल्डोकडे बघत राहिल्या. चौथीत त्यांच्या हाताखाली बसलेले गावात पन्नासेक लोक आहेत आणि ते सगळे सांगतील की बाईंनी कधी छडी घेतली नाही, त्या नुसत्या बघत. मी घड्याळ पाहिले. अल्डो एक मिनिट दहा सेकंद टिकला.

"थोडंसंच, बाई," तो म्हणाला.

"किती?"

"पन्नासेक. नळाचं. सकाळी लवकर."

"मापकात." बाईंनी हा शब्द असा उच्चारला की अल्डोने टोपी काढली. या गावात दुसऱ्याच्या झाडाचे आंबे काढले तर लोक हसतात. मापकात पाणी घातलेले कुणी ऐकलेलेही नव्हते. "अरे, सतराशे साठ मापकं आहेत गावात. कुणाला कळणार नाही असं वाटलं?"

"सगळेच थोडं वाढवून सांगतात, बाई."

"सांगतात. ओतत नाहीत."

नोरीन हसू दाबत सुया चालवत होती. "आणि ते ओतलं कुणाच्या डोक्यावर? स्वतःच्याच," ती म्हणाली. "देव बेडकाच्या रूपाने येतो म्हणतात ते खोटं नाही."

"नोरीन," बाई म्हणाल्या, "सकाळपासून घसा सुकलाय. तुझ्या थर्मासमधला चहा दे बरं जरा."

सुया थांबल्या.

"गार झालाय, बाई."

"असू दे. गारही चालतो."

"कालचा आहे."

"कालचाही चालतो. आणि आज सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा तू दारात उभी होतीस, थर्मास रिकामा वाजत होता. नऊच्या आत कालचा चहा आला कुठून?"

बाईंनी स्वतःच थर्मास उचलला आणि हॉलच्या कपाटातल्या पांढऱ्या कपात ओतला. बाहेर आले ते तपकिरी, पारदर्शक, दिसायला अगदी कोऱ्या चहासारखे. साल आणि पाने भिजलेल्या पाण्याचा रंग तसाच असतो. बाईंनी कप नाकाशी नेला. मग तो टेबलावर नोरीनच्या समोर ठेवला आणि शेजारी कुणीतरी आणलेला भोपळ्याचा स्कोन, छोटा गोडसर पाव, ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या.

नोरीनने स्कोन घेतला.

मग सगळा प्रकार उघड झाला. विणकामाच्या पिशवीत, लोकरीच्या गुंड्याखाली, माशांच्या टाकीची हवेची बारीक नळी होती, झाकणाच्या जाळीच्या छिद्रातून जेमतेम जाईल एवढी. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात नोरीनने एक पोकळ बांबू रोवला होता. तो शोभेचा आहे असे सगळ्यांना वाटत होते. तो थेट तळापर्यंत जात होता. नळी बांबूतून खाली, दुसरे टोक थर्मासमध्ये, एकदा ओढ दिली की पाणी आपोआप उतरते. थर्मास भरला की व्हरांड्यातल्या कुंड्या. आज नऊच्या आधीच, बाई मापकाकडे गेल्या तेवढ्यात, तिने एक फेरी उरकली होती. रिकामा थर्मास घेऊन यायचे आणि भरलेला न्यायचा, असे तिचे चार दिवस चालले होते.

"हात आत घालायचा नाही असा नियम होता," नोरीन म्हणाली. "हात घातला नाही."

"नळी घातलीस," अल्डो म्हणाला. "भोक पाडावं लागलं म्हणजे पाणी घालता येत नाही म्हणणारी तू. तुझं भोक वरून होतं, एवढंच."

"माझ्या भोकात बेडूक नव्हता."

"तुझ्या भोकात खोटेपणा होता."

"आणि तुझ्या मापकात काय होतं रे, गंगाजळ?"

"पुरे," बाई म्हणाल्या. त्यांनी वहीत दोघांच्या नावापुढे शून्य लिहायला सांगितले. मी लिहिले. मग त्या पेट्यांपाशी गेल्या आणि बराच वेळ दोन्ही बघत राहिल्या. अल्डोच्या पेटीतले पाणी आता पूर्ण उतरले होते. खडी स्वच्छ दिसत होती, वर पाच नेचे, त्यातला एक आडवा. नोरीनच्या पेटीत रान हिरवेगार होते, माती बोट खुपसले तर ओलसर लागेल आणि चिकटणार नाही अशी. तळात साचलेल्या पाण्याला मात्र बाहेर जायला थर्मासशिवाय वाट नव्हती.

"एकाला पाणी घालवता येतं, झाडं लावता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "दुसरीला झाडं लावता येतात, पाणी घालवता येत नाही. आणि ती बिचारी टॉवेलच्या दांडीवर उपाशी बसलीय. अल्डो, या मधल्या दोन काचा काढता येतील?"

अल्डोला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. नोरीनला लागला नाही.

"माझी पेटी याच्या पेटीला जोडायची? अजिबात नाही, बाई. याचा बेडूक माझ्याकडे येईल."

"तार लावून काढता येतील," अल्डो म्हणाला. तो पेटीकडे बघत होता आणि त्याचा आवाज कामाला लागलेल्या माणसाचा होता. "हिची बाजू थोडी उंच करायची. हिचं पाणी माझ्या उतारावर. सांधा भरून दोन दिवस सुकू द्यायचा."

सोमवारी दुपारी काम सुरू झाले. उंची किती द्यायची यावर पाऊण तास गेला. अल्डो दोन विटा म्हणत होता, नोरीन एक. दोन विटांनी तिच्या मुळांखालचे सगळे पाणी निघून जाईल, थोडे राहिलेच पाहिजे. शेवटी एक वीट आणि एक फरशीचा तुकडा यावर तडजोड झाली. ती मोजमापाने बरोबर निघाली, पण दोघांपैकी कुणीही तसे म्हटले नाही. नोरीनने आपले बारा नेचे अल्डोच्या बाजूला लावले आणि त्याचे पाच उपटून फेकले. अल्डोने बांबू काढून घेतला. नळीच्या बाहेरच्या तोंडाला त्याने जाळी लावली, चार स्क्रूंनी, आणि आम्हा तिघांना ती बोलावून दाखवली.

बुंधा मात्र दोघांकडेही नव्हता. डॉरिसचा जुना बुंधा, क्लाइव्हने नदीकाठून आणलेला, तू नेलास तू नेलास म्हणून दोघे दोन महिने भांडत होते. तो बाईंच्या घरी धुण्याच्या खोलीत निघाला. "भांडण संपल्यावर देणार होते," बाई म्हणाल्या. तो बरोबर सांध्यावर, दोन्ही पेट्यांच्या मध्ये उभा केला.

बुधवारी नऊला मापकात ७६, कारखान्यात ७५. दोन्ही बाजूंना मिळून साडेअकरा लिटर पाणी गेले, नळीने वीस मिनिटांत दहा परत दिले. माती दोन्हीकडे ओलसर, पाणी कुठेच उभे नाही. दुपारी बाराला बाईंनी डॉरिसला टॉवेलमध्ये गुंडाळून आणले आणि बुंध्यावर सोडले. पाचला अल्डोने डबा उघडून सहा झुरळे आत सोडली. नोरीन तिथेच होती. निघताना तिने थर्मासमधून त्याला चहा दिला. अल्डोने तो आधी हुंगला.

डॉरिस कुणाची, हा निर्णय बाकी होता, कारण दोन घरांत एक पेटी मावत नाही. बाईंनी तोही सोपा केला. तीन दिवस, बुधवार ते शुक्रवार, डॉरिस बुंध्याच्या ज्या बाजूला जास्त वेळ बसेल त्याच्या घरी जोडपेटी जाईल. नोरीनने आपल्या बाजूने बघायचे, अल्डोने आपल्या. खरे तेच सांगायचे. "एक जरी खोटं सांगितलंत तर ती माझ्या न्हाणीघरात," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं रोज टॉवेल बदलायला यायचं."

शुक्रवारी संध्याकाळी सहाला हॉल नाचवाल्यांना दिलेला आहे. जोडपेटी अडीच मीटरची आहे. अल्डोच्या मापाने नोरीनचे दार दहा सेंटिमीटरने अरुंद पडते. नोरीनच्या मापाने अल्डोचे दार बारा सेंटिमीटरने. बाईंनी दोघांच्याही टेप मागवल्या आहेत.

गुरुवारी नऊला मापकात ४१, कारखान्यात ४२. सहा लिटर आत गेले, साडेपाच बाहेर आले. सहापैकी झुरळे दोन उरली आहेत. हिरवा बेडूक नळीच्या जाळीवर बसलेला आहे, तोंड आतल्या बाजूला करून.

नऊ वाजून दहा मिनिटांनी डॉरिस बुंध्यावर होती. नोरीन आपल्या बाजूने वाकून बघत म्हणाली की इथून दिसत नाही, म्हणजे ती अल्डोच्या बाजूला आहे. अल्डो आपल्या बाजूने वाकून बघत म्हणाला की ती नोरीनच्या बाजूला आहे.